न्यूग्रेंजला वेधशाळा म्हणणं थांबवा

बॉयनकाठ: 'आयर्लंडचं न्यूग्रेंज, म्हणजे आत बोळ आणि खोली असलेलं दगडमातीचं ते प्रचंड टेकाड, ही पाच हजार वर्षांपूर्वीची वेधशाळा, थडगं ही नंतरच्यांची समजूत' ही पोस्ट सकाळपासून फिरतेय. राहवलं नाही. सर्वांत लहान दिवस ओळखायला दोन खांब रोवले तरी पुरतं, त्यासाठी दोन लाख टन दगडमाती कोण रचेल? आणि दाराच्या वरची ती फट बघा. १९ मीटरचा बोळ चढत जातो, म्हणून आतल्या खोलीची जमीन फटीच्या पातळीला येते. दार शिळेने बंद असलं तरी २१ डिसेंबरच्या आसपास उगवता सूर्य आत पोचतो. जिवंत माणसं बाहेर आणि ऊन आत, जळलेल्या हाडांपाशी! मेलेल्यांनाही सूर्य लागतो, असं मानणाऱ्यांनी हे बांधलंय. वेध घ्यायला आत कुणी नाही, मग वेधशाळा कसली?

गणितवेडी: दिशा चुकली असती तर तुमच्या मेलेल्यांनाही अंधारच मिळाला असता. वर्षानुवर्षं क्षितिज बघितल्याशिवाय हे जमत नाही. विज्ञान म्हटलं की राग का येतो? मुलांना सूर्याचं सरकणं दाखवायला मैदानात नेलं, तर आमच्या मुख्याध्यापकांनी 'आधी पोर्शन संपवा' म्हणून परत वर्गात बसवलं. ही वृत्ती सगळीकडे आहे.

डब्लिनकर: मी आत उभा राहिलोय. दिव्याने तो किरण दाखवतात, तरी अंगावर काटा येतो. पण बाहेरची पांढऱ्या गारगोटीची भिंत बघून भारावू नका, तिच्यामागे आजचं काँक्रीट आहे.

मुक्ता: म्हणजे खोटी? तिथे उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ'केलींनी कोसळलेला थर तपासून ती उभारली. १९६७ साली त्या पहाटे आत थांबून सूर्यकिरणही त्यांनीच पाहिला. इतक्या सहज मोडीत काढता?

डब्लिनकर: मोडीत नाही. पण शेजारच्या नाउथला, तशाच दुसऱ्या थडग्यापाशी, गारगोटी जमिनीवर अंथरलेली मानतात. इथेही तसंच असेल तर उभी भिंत हा विसाव्या शतकाचा अंदाज, आणि लोक त्यावरून अश्मयुगीनांचं मन वाचतात!

मुक्ता: अंथरलेली म्हणा, उभी म्हणा, विकलोच्या डोंगरातून इतक्या लांब ती वाहून कोणी आणली? पांढरा रंग त्यांना हवाच होता. तुम्हाला फक्त दोष काढायचेत.

डब्लिनकर: रंगाचं पटलं. भिंतीचं नाही.

बॉयनकाठ: भिंतीवर किती भांडाल! गणितवेडी, निरीक्षण कसून केलं होतं, हे मला मान्य करावंच लागेल. पण ते साधन होतं, हेतू नव्हे.

गणितवेडी: एवढं तरी कबूल केलंत. मग वेधशाळा हा शब्द मी सोडते. पण 'मेलेल्यांना सूर्य' म्हणताना कोणते मेलेले ते सांगा. उत्खननात जेमतेम पाचेक जणांचे अवशेष मिळाले. राबले शेकडो, ऊन मूठभरांना.

बॉयनकाठ: १६९९ पासून ते थडगं उघडं होतं. तीन शतकांत किती हाडं गेली असतील! उरलेल्यांवरून मूठभर कसे ठरवता?