बॅकपॅक घेऊन युरोप म्हणजे ‘विकतचा मनस्ताप’? अजिबात नाही

पायपीट: ‘युरोपात पाठीवर सॅक टाकून एकट्याने फिरणं म्हणजे विकतचा मनस्ताप, गुपचूप ग्रुप टूर घ्या’ असं कोथरूडकरांनी परवा लिहिलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा.

बुडापेस्टहून व्हिएन्नाची सकाळची गाडी होती. तिकिटावर स्वच्छ केलेती स्टेशन लिहिलेलं आणि मी उभा न्युगाती स्टेशनात! न्युगाती म्हणजे पश्चिम, व्हिएन्ना पश्चिमेला, मग गाडी इथूनच, असा माझा हिशोब. बाकावरच्या एका आजींना तिकीट दाखवलं, त्यांना इंग्रजीचा गंध नाही, मला हंगेरियनचा. त्यांनी सरळ माझं मनगट धरलं, 6 नंबरच्या ट्राममध्ये चढवलं, ब्लाहा लुइझा चौकात उतरवून मेट्रोत घातलं, तिथून एकच स्टेशन. गाडी गेलीच होती, आणि स्वस्तातलं तिकीट त्याच गाडीपुरतं, म्हणजे पैसे बुडाले. पण आजी हलल्या नाहीत. खिडकीवर माझ्यासाठी त्याच बोलल्या, मग पिशवीतून दोन पोगाचा काढून हातावर ठेवल्या (नानकटाईएवढ्या, पण खाऱ्या आणि मऊ). तिथली पार्लमेंट आठवायला मला फोटो बघावे लागतात, आजी तशाच आठवतात.

कोथरूडकर: तुमची गाडी गेली, माझा पासपोर्ट गेला. रोम, टर्मिनी स्टेशनावरून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस. पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन एम्बसी, फोटो, फॉर्म, आणि शेवटी हातात इमर्जन्सी सर्टिफिकेट, ज्याच्यावर फक्त घरी परत येता येतं. पुढचं पॅरिस, ॲमस्टरडॅम सगळं पाण्यात. मला कुठलीही आजी भेटली नाही.

मोगरा: दोघेही पुरुष आहात म्हणून सांगते, अनोळखी माणसाने माझं मनगट धरलं तर मी आधी ओरडेन. मी तीनदा एकटी गेलेय, परत जाणार, पण रात्री उशिरा पोचणारी गाडी घेत नाही आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजते. ‘चुका होऊ द्या, माणसं भेटतील’ हे बाईला सांगू नका. मला माणसं भेटली ती हॉस्टेलच्या किचनमध्ये. मोहरी तडतडली तशी एक पोर्तुगीज मुलगी दचकून मागे सरली, मग शेजारी उभी राहून फोडणी शिकली.

सांगलीचा: ते सगळं राहू द्या, तिकिटावर शिक्का मारायच्या भानगडीवर कोणी बोलणार आहे का? एका शहरात मेट्रोचं तिकीट रीतसर काढलं, खिशात होतं, मशीनमध्ये घालायचं राहिलं. साध्या कपड्यातले दोन तपासनीस, लगेच दंड. अहो तिकीट आहे ना माझ्याकडे!

रुळावरून: शिक्का नाही म्हणजे तिकीट कोरं, उद्या परत चालेल. प्रागला अर्ध्या तासाचं आणि दीड तासाचं तिकीट असतं, वेळ शिक्क्यापासून मोजतात. मेट्रोला फाटक नाही, माणसावर भरवसा ठेवलाय.

सांगलीचा: भरवसा ठेवलाय तर पाच मिनिटांपूर्वीची पावती का चालली नाही? तिथं राहता म्हणून त्यांची वकिली करू नका.

रुळावरून: वकिली नाही. पिवळं मशीन समोर असतं, आठ वर्षं बघतोय, आपली माणसं न बघता पुढे जातात आणि मग देशाला शिव्या देतात.

मोगरा: रात्रभर बसमध्ये बसून पहाटे उतरलेल्या माणसाला काय दिसतं हो? ‘आपली माणसं’ म्हणून सरसकट बोलू नका.

सांगलीचा: आई होती सोबत. तिच्यासमोर चोरासारखं उभं केलं मला, ती परत येईपर्यंत धड जेवली नाही. पैशाचं नाहीये हे.

रुळावरून: आईंसमोर झालं ते वाईटच झालं, मान्य. नियम मात्र मला अजूनही बरोबर वाटतो.

कोथरूडकर: पायपीट, एक सांगायचं राहिलं. पोलिसांना इंग्रजी येत नव्हतं तेव्हा समोरचा बांगलादेशी दुकानदार शटर ओढून माझ्याबरोबर आला, तासभर हिंदीतून इटालियन करून देत बसला. इतक्या वर्षांत मी ही गोष्ट सांगताना त्याचं कधी नावच काढलं नाही. पण म्हणून मत बदललेलं नाही, बायकोला नेईन तर ग्रुप टूरनेच.

पायपीट: नाव विचारलं होतंत त्याचं?

कोथरूडकर: नाही. फोटो काढायचं दुकान बंद व्हायची वेळ झाली होती.