गावात गाडी गरम होत नाही, अमरावतीच्या वाटेवर मात्र काटा लाल रेषेला भिडतो: कारण कसे शोधावे?

दर्यापूरकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. शेतात जाण्या-येण्यात किंवा बाजारात इंजिन चालू ठेवून अर्धा तास उभी केली, तरी तापमानाचा काटा मधोमध स्थिर असतो. आईला मात्र दर पंधरवड्याला अमरावतीला दवाखान्यात न्यावे लागते आणि त्या सुमारे ५० किलोमीटरच्या रस्त्यावर एसी लावून ताशी ८०च्या वेगाने निघालो की वलगाव येईपर्यंत काटा लाल रेषेजवळ पोहोचतो. एसी बंद करून वेग ५०वर आणला की दहा मिनिटांत तो खाली येतो. परंतु बाहेर ४५ अंशांचे ऊन असताना आजारी माणसाला तसे बसवणे मला सहन होत नाही.

एका मेकॅनिकने हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधील सीलची पट्टी) गेल्याचे सांगितले. दुसऱ्याने थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. त्यानंतर काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतील पातळी महिन्यातून एकदा थोडी खाली जाते, तेव्हा मी घरच्या बोअरचे पाणी घालतो. इंजिन उघडण्याचा खर्च करण्यापूर्वी खरे कारण कसे ओळखावे?

गॅरेजवाला, अकोट

भाऊ, गाडी केव्हा गरम होते हे आपण नेमके लिहिले आहे आणि निम्मे निदान त्यातच आहे. उभ्या गाडीत रेडिएटरला वारा फक्त पंख्याचा मिळतो. तिथे काटा स्थिर राहतो, याचा अर्थ पंख्याची मोटर, रिले आणि सेन्सर आपले काम करीत आहेत. वेगात वारा भरपूर मिळतो, पण इंजिन कितीतरी जास्त उष्णता निर्माण करते आणि एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच असल्यामुळे त्याची उष्णताही त्यात मिसळते. अशा वेळी काटा चढत असेल, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदला आहे, नाही तर वॉटर पंप पुरेसे पाणी फिरवत नाही, असा माझा पहिला संशय राहील.

गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करा, पंख्याचा प्लग काढून ठेवा (कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक सुरू होतो) आणि रेडिएटरच्या जाळीवर जागोजागी तळहात जवळ नेऊन पाहा. सगळीकडे उष्णता जाणवत असताना एखादाच पट्टा थंड लागला, तर तेथील नळ्यांतून पाणी वाहत नाही. रेडिएटरच्या झाकणाला मात्र इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नका.

बाहेरची बाजूही पाहा. आपला भाग कापसाचा आहे. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण धूळ आणि कापसाचा तंतू त्यातून आत जाऊन रेडिएटरच्या तोंडावर नमद्यासारखा बसतो. त्यावर समोरून जोराचे पाणी मारले की तो अधिकच घट्ट होतो. इंजिनाच्या बाजूने, हलक्या धारेने धुवावे लागते.

वणीकर

वरील मत पटते, तरीही हेड गॅस्केटचा विचार सोडू नये असे मला माझ्या अनुभवावरून कळकळीने सांगावेसे वाटते. काटा चढलेला असतानाही मी ‘आता आलेच गाव’ म्हणत गाडी दामटली आणि हेड वाकले. म्हणून आधी एवढे तपासा: सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा, इंजिन सुरू करा आणि पाणी गरम होण्यापूर्वीच त्यात सतत बुडबुडे येतात का ते पाहा. सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज पाईप दगडासारखा कडक होणे, डिपस्टिकवर (तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीवर) दुधाळ तेल दिसणे किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणे ही देखील लक्षणे आहेत. शंका राहिलीच, तर गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या. जळालेला वायू कूलंटमध्ये येत असल्यास तो द्रव पिवळा पडतो.

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, अकोला

माझे लक्ष बोअरच्या पाण्याकडे गेले. दर्यापूर हा पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा भाग आहे आणि तेथील भूजलात क्षारांचे प्रमाण बरेच असते. पाणी तापले की त्यातील कॅल्शियमचे बायकार्बोनेट विघटित होऊन कार्बोनेटच्या रूपाने धातूवर जमते; गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर तो हाच. या थराची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतकीच असते आणि रेडिएटरच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की थोड्या थरानेही वाट बुजते. शिवाय क्लोराइडमुळे ॲल्युमिनियमला बारीक छिद्रे पडतात. आपण महिन्याला घालता ते पाणी थोडेच असेल, पण वर्षानुवर्षांचा क्षार आतच साठत गेला आहे.

दर्यापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. थंड इंजिनात बुडबुडे आले नाहीत, तेलही स्वच्छ आहे. जाळीच्या मधल्या भागापासून खालपर्यंत वीतभर रुंदीचा पट्टा जवळजवळ थंड लागला. रेडिएटर उतरवल्यावर खालच्या पाईपच्या तोंडातून राखाडी गाळ निघाला आणि कंडेन्सरच्या मागे कापसाचा थरही होता. टाक्या प्लास्टिकच्या असल्यामुळे कारागिराने सळई घालून साफ करण्याऐवजी नवा रेडिएटर बसवण्याचा सल्ला दिला आणि मी तो मानला. काल आईला घेऊन एसी लावून अमरावतीला जाऊन आलो. काटा मध्यावरून हलला नाही. आता थर्मोस्टॅट वॉल परत बसवावा का? मेकॅनिक म्हणतो की आपल्याकडच्या उन्हात त्याची गरज नाही.

गॅरेजवाला, अकोट

वाचून फार बरे वाटले. वॉल अवश्य बसवा. तो नसला की इंजिन योग्य तापमानाला येण्यास फार वेळ लागतो आणि तोवर जास्त पेट्रोल जाते. काही इंजिनांत तर वॉल काढल्यावर बायपासची वाट उघडीच राहून पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून जातो, म्हणजे उन्हाळ्यात उलट नुकसानच होते. वॉल ज्या तापमानाला उघडतो ते त्याच्यावरच कोरलेले असते, बहुधा ८२ किंवा ८८ अंश. बसवण्यापूर्वी तो दोरीला बांधून चुलीवरच्या पातेल्यातील पाण्यात सोडा आणि थर्मामीटर लावून उघडतो का ते पाहा.

रेडिएटरचे झाकणही नवे घ्या आणि जुन्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा (बारमधील) जो आकडा असेल तोच घ्या. १ बार दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की ते १००लाच उकळून बाटलीत फेकले जाते. आपली पातळी दरमहा थोडी कमी होत होती, त्याचे कारण कदाचित हेच असेल. नव्या झाकणानंतरही ती घटली, तर वॉटर पंपाच्या खालचे बारीक छिद्र ओले दिसते का ते तपासा.

पुन्हा भरताना तयार कूलंट किंवा निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर वापरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि हवा निघून पातळी स्थिरावेपर्यंत थोडे थोडे भरत राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा एकदा पाहा. आत राहिलेली हवा निघाल्यावर ती हमखास बोटभर खाली गेलेली असते.