लायब्ररी मशीनवर आहे तरी "अनडिफाइन्ड रेफरन्स" येतंय, उबुंटूवरच का?

बचतगट_सी
मंडळी, दोन दिवस झाले इथंच अडकलोय. आईच्या बचत गटाचा हिशोब ठेवायला सी मध्ये छोटा प्रोग्राम लिहिलाय, बारा बायका, महिन्याचा दोनशे रुपये हप्ता, कोणी कर्ज उचललं कोणी फेडलं असं सगळं, डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जातो. कॉलेजच्या लॅबमध्ये डेबियन लिनक्स आहे तिथं पहिल्या फटक्यात कंपाइल झालं. घरी उबुंटू २२.०४, तिथं तीच फाइल तीच कमांड आणि होतच नाही. मोबाइलवरून टाइप करतोय म्हणून कमांड पण मराठीतच लिहितो:

जीसीसी -एलएसक्यूलाइट३ गट.सी -ओ गट

"अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूलाइट३_ओपन", म्हणजे ते फंक्शन सापडत नाही, मग एक्झेक, मग क्लोज, अशी रांगच लागते आणि शेवटी "एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस". डेव्ह पॅकेज टाकलंय, हेडरबद्दल काही तक्रार नाही, लिबएसक्यूलाइट३.एसओ फाइल फोल्डरमध्ये जाऊन बघून आलो. रविवारी गटाची मीटिंग आहे, त्याआधी चालू करून द्यायचंय.

टर्मिनलवाला
अरे लायब्ररी बरोबर आहे, तिची जागा चुकलीये. उचलून शेवटी टाक:

जीसीसी गट.सी -ओ गट -एलएसक्यूलाइट३

लिंकर, म्हणजे तुझा कोड आणि लायब्रऱ्या जोडणारा प्रोग्राम, कमांड डावीकडून उजवीकडं वाचत जातो. तुझ्या कमांडमध्ये लायब्ररी आली तेव्हा गट.सी त्याने अजून बघितलेलंच नाही, म्हणजे कोणालाच काही नकोय, मग तो ती सोडून पुढं जातो. घरून यादी न घेताच वाण्याकडं जाऊन रिकाम्या हाताने परत यावं तसं. आता डेबियनवर का चाललं, तर उबुंटूचं जीसीसी ११.१० पासून, म्हणजे २०११ पासून, लिंकरला "ॲज नीडेड" हा पर्याय स्वतःहून देतं, गरज नसलेली लायब्ररी गाळून टाक असा. डेबियनमध्ये तसं नाही, तिथं .एसओ, म्हणजे रन करताना जोडली जाणारी लायब्ररी, आधी लिहिली तरी खपून जातं. पण स्टॅटिक .ए, म्हणजे प्रोग्राममध्येच भरली जाणारी लायब्ररी असती तर लॅबमध्ये पण अडला असतास. दोन लायब्रऱ्या असतील तर वापरणारी आधी, पुरवणारी नंतर.

लॅबताई
हे बरोबर आहे. मी लॅब घेते, आमच्याकडं याचं भावंड दर वर्षी येतं, मॅथची लायब्ररी. पोरं स्क्वेअररूटमध्ये सरळ २.० लिहितात आणि प्रोग्राम -एलएम (मॅथची लायब्ररी जोडणारा पर्याय) न देता चालतो, कारण उत्तर कंपायलरच काढून ठेवतो. मग तिथं स्कॅनएफने कीबोर्डवरून घेतलेली संख्या टाकली की अनडिफाइन्ड रेफरन्स, आणि पोरांना वाटतं आपला स्कॅनएफ चुकला. मॅकवर -एलएम न देता पण चालतं त्यामुळं अजून गोंधळ. तेव्हा एररमध्ये शेवटी "एलडी", म्हणजे लिंकर, दिसलं की कोडमध्ये शोधत बसू नकोस, आधी कमांड बघ.

बचतगट_सी
दादा चाललं!! ताई तुमचे पण आभार. आता पुढचं, मित्राने व्याज काढायची लायब्ररी करून दिलीये, लिबव्याज.एसओ, ती गटच्या शेजारी लिब फोल्डरमध्ये ठेवली, कमांडमध्ये मोठ्या एलने तो फोल्डर दिला, छोट्या एलने व्याज, दोन्ही शेवटी. लिंक होतं एकदम शांत. पण रन केलं की "कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल". आत्ता तर सापडली होती ना त्याला?

टर्मिनलवाला
लिंकरला सापडली होती. रन करताना शोधणारा वेगळा असतो, डायनॅमिक लोडर, तुझा मोठा एल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो सिस्टिमचे ठरलेले फोल्डर बघतो आणि तुझा लिब त्यात नाही. एलडीडी ./गट असं चालवून बघ, लिबव्याजसमोर "नॉट फाउंड" दिसेल. नुसतं तपासायला एलडी_लायब्ररी_पाथ (लोडरला जादा फोल्डर सांगणारं सेटिंग) सेट करून चालेल, पण आईच्या कॉम्प्युटरवर द्यायचंय तर पत्ता प्रोग्राममध्येच लिहून टाक, म्हणजे कमांडच्या शेवटी हे जोड:

-डब्ल्यूएल,-आरपाथ,'$ओरिजिन/लिब'

ओरिजिन म्हणजे प्रोग्राम जिथं ठेवलाय तो फोल्डर, त्यामुळं लिबसकट कुठंही हलवलंस तरी चालेल. ते सिंगल कोट विसरू नकोस, नाहीतर शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा, डॉलर बघून ओरिजिनच्या जागी रिकामं टाकतं आणि मग लोडर नुसत्या /लिब मध्ये शोधत बसतो. माझी यात एक अख्खी संध्याकाळ गेलीये.

बचतगट_सी
कोट राहिलेच होते! आता एलडीडीमध्ये लिबव्याजसमोर पूर्ण पाथ येतोय आणि पहिल्या कर्जाचं व्याज आईच्या वहीतल्या आकड्याशी जुळलं. बाकीची कर्जं आज रात्री भरतो.