टीएसएच आटोक्यात आले, तरी हाताचा बधिरपणा का जात नाही?

उत्तररात्र

गेल्या वर्षभरापासून मला रात्री तीन-साडेतीनच्या सुमारास जाग येते ती उजव्या हातामुळे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट सुजून टम्म झाल्यासारखी वाटतात, पण दिवा लावून पाहिले तर सूज दिसत नाही. हात पलंगाच्या कडेवरून खाली सोडून चार-पाच वेळा झटकला की मुंग्या ओसरतात, डोळा लागतो आणि तासाभराने पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. अशा वेळी उशीजवळचा मोबाइल उचलला, तर तो हातात आला आहे हे डोळ्यांना कळते, बोटांना कळत नाही. डाव्या हातालाही हा त्रास आहे, पण बराच कमी.

झोपण्याची पद्धत चुकत असेल असे समजून मी सात-आठ महिने काढले. पुढे थकवा, कोरडी त्वचा, सकाळी जड वाटणारा चेहरा आणि घोगरा झालेला आवाज अशी लक्षणे एकामागून एक जमत गेली आणि तपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) ३८ निघाले. थायरॉइडची उणीव भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू होऊन आता चार महिने झाले असून, मध्ये एकदा मात्रा वाढवल्यानंतर मागच्या आठवड्यात टीएसएच ३.६ आले. थकवा गेला, चेहरा उतरला, आवाज मोकळा झाला. हात मात्र होता तिथेच आहे. नसेतून संदेश कसा जातो हे मोजणाऱ्या नर्व्ह कंडक्शन चाचणीत उजव्या मनगटात मध्यम आणि डाव्या मनगटात सौम्य स्वरूपाचा कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याचा विकार, असल्याचे नोंदवले आहे.

एका डॉक्टरांनी हे थायरॉइडमुळेच असून गोळीने आपोआप जाईल असे सांगितले. दुसऱ्यांनी थायरॉइडचा विषयही न काढता शस्त्रक्रिया कधी करायची, असे विचारले. थायरॉइड कमी पडण्याचा मनगटातल्या नसेशी नेमका संबंध कसा लागतो, आणि रक्तातला आकडा सुधारल्यावरही नस का सुधारत नाही, हे कोणी समजावून सांगू शकेल का? माझे वय ४७ आहे, मधुमेह नाही आणि मनगटाला कधी मार लागलेला नाही.

अस्थिपंजर

मी शरीररचना शिकवतो, उपचार करत नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या ‘कसा’ या भागापुरतेच लिहितो.

मनगटाच्या तळहाताकडील बाजूला हाडांची एक खोलगट पन्हळ असते आणि तिच्यावरून एक जाड, न ताणला जाणारा अस्थिबंध आडवा बसलेला असतो. या दोहोंमधली अरुंद जागा म्हणजे कार्पल टनेल. तिच्यातून बोटे आणि अंगठा वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) जातात आणि त्यांच्याच गर्दीत मीडियन नर्व्ह, म्हणजे अंगठ्याकडच्या बोटांची संवेदना नेणारी चेता, जाते. (बोलण्यात आपण तिलाही नस म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही नसच म्हणतो, त्यामुळे पुष्कळांना हा त्रास रक्तप्रवाहाचा वाटतो. हात झटकल्यावर बरे वाटते म्हणून तो समज आणखी पक्का होतो.) या बोगद्याची तळाची हाडे सरकत नाहीत आणि छतही ताणले जात नाही. आत काहीही थोडे जरी फुगले, तरी दाब वाढतो आणि त्या गर्दीत सर्वांत मऊ असलेली नस चेपली जाते. मनगट सरळ असताना निरोगी माणसाच्या बोगद्यातला दाब पाऱ्याच्या साधारण २ ते ३ मिलिमीटर एवढाच असतो. या विकारात तो ३० च्या आसपास मोजला गेला आहे, आणि मनगट पूर्ण दुमडले की तो ९० च्या घरात जातो. झोपेत आपण मनगट दुमडून, कधी ते गालाखाली घेऊन तासन्‌तास पडून राहतो. तुम्हाला पहाटेच्या आधी येणारी जाग याच कारणाने येते.

आता थायरॉइडकडे वळू. या ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले की ऊतींमध्ये हायल्युरॉनिक आम्लासारखी, साखरेच्या लांब साखळ्यांनी बनलेली द्रव्ये साचू लागतात. त्यांचा निचरा मंदावलेला असतो आणि ती स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात. विल्यम ऑर्ड यांनी १८७८ मध्ये या अवस्थेला मिक्सिडिमा हे नाव दिले, ते त्वचेखालच्या याच बुळबुळीत, श्लेष्मासारख्या द्रव्यावरून. ही सूज साध्या सुजेसारखी नसते. बोटाने दाबले तर खळगा राहत नाही. तुमचा सकाळचा जड चेहरा आणि घोगरा आवाज ही तिचीच दोन रूपे होती. चेहऱ्याला फुगायला जागा आहे, म्हणून तो नुसता जड वाटतो. मनगटातल्या कंडरांभोवतीच्या आवरणात तेच द्रव्य साचले, तर त्याला जाण्यासाठी जागाच नसते. याखेरीज संप्रेरकाच्या अभावाचा परिणाम थेट नसेवरही होतो. तिच्यावरच्या मायलिन या आवरणाची निगा राखणाऱ्या पेशींचे काम मंदावते, आणि आधीच अशक्त असलेली नस कमी दाबालाही बळी पडते.

आकडा सुधारूनही हात का सुधारत नाही, याचे उत्तर यातच आहे. टीएसएच ही मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीने रक्तातले संप्रेरक पाहून दिलेली प्रतिक्रिया आहे. मात्रा बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत ती स्थिरावते. ऊतींमध्ये साचलेले द्रव्य निघून जायला त्याहून अधिक काळ लागतो. नसेचे केवळ मायलिन बिघडले असेल, तर दाब उतरल्यावर ते काही आठवड्यांत ते महिन्यांत भरून येते; पण आतले तंतूच तुटले असतील, तर त्यांची वाढ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने होते आणि ती पूर्ण होईलच असे नाही.

दुसरी_बाजू

वरचे विवेचन पटणारे आहे, तरी एक शंका मांडतो. कमी थायरॉइड आणि कार्पल टनेल हे दोन्ही विकार मध्यमवयीन स्त्रियांमध्ये मुळातच पुष्कळ आढळतात, त्यामुळे ते एकाच व्यक्तीत योगायोगानेही एकत्र येऊ शकतात. शिवाय वाढलेले वजन हे कार्पल टनेलचे स्वतंत्र कारण आहे आणि थायरॉइड कमी असलेल्यांचे वजन वाढलेले असण्याचा संभव असतो. वय, वजन, मधुमेह अशा गोष्टी हिशेबात घेतल्या की या दोन विकारांमधला संबंध उरतो, पण तो बेताचाच असतो, असे एकत्रित अभ्यासांतून दिसते. म्हणून ‘थायरॉइडमुळेच’ या शब्दातल्या ‘च’वर माझा आक्षेप आहे. ३८ टीएसएच आणि दोन्ही हातांना त्रास असताना संबंध असण्याची शक्यता चांगली आहे, हे मान्य. टीएसएच जेमतेम ६ असलेल्या माणसाने मनगटाचा सगळा दोष थायरॉइडवर ढकलणे मात्र मला योग्य वाटत नाही.

दुसरे असे की प्रत्येक मुंगी मनगटातून येत नाही. तुमची करंगळी यात सामील आहे का? पायांनाही मुंग्या येतात का? करंगळीची संवेदना मीडियन नर्व्हकडे नसते, त्यामुळे पाचही बोटे खरोखर बधिर होत असतील, तर मान किंवा कोपर पाहावे लागते. पायांपासून सुरुवात झाली असेल, तर बी-१२ तपासून घ्यावे. थायरॉइडवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला होत असलेल्यांमध्ये बी-१२ शोषले न जाण्याचा विकारही इतरांपेक्षा अधिक आढळतो.

टाके_पडलेली

ताई, मी या दोन्ही वाटांवरून गेले आहे, कारण माझ्या दोन हातांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या.

डावा हात गोळी आणि रात्रीचा मनगटपट्टा एवढ्यावर पाचव्या महिन्यापर्यंत पूर्ण बरा झाला. उजव्या हाताची मात्र शस्त्रक्रिया करावी लागली. माझे टीएसएच तेव्हा अगदी व्यवस्थित होते, म्हणून मी आणखी वाट पाहू, आणखी वाट पाहू, असे करत राहिले आणि त्यात जवळजवळ वर्ष गेले. शर्टाची बटणे लागेनाशी झाली तेव्हा मी जागी झाले. शस्त्रक्रिया जागेपुरती भूल देऊन झाली आणि त्याच दिवशी मी घरी आले. त्यात तो आडवा अस्थिबंध कापून बोगदा मोकळा करतात. रात्रीच्या मुंग्या पहिल्याच आठवड्यात थांबल्या, पण अंगठ्यातली ताकद परत यायला आठ-नऊ महिने लागले आणि बारीक सुई धरताना ती अजूनही थोडी कमी पडते.

मनगटपट्ट्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार उशिरा कळली. तयार पट्ट्यांच्या आत धातूची एक पट्टी असते आणि ती पुष्कळदा मनगट मागे वाकलेले राहील अशा बेताने वळवलेली असते. त्या स्थितीतही बोगद्यातला दाब वाढतो. माझ्या फिजिओथेरपिस्टनी ती पट्टी बाहेर काढली, टेबलाच्या कडेवर दाबून जवळजवळ सरळ केली आणि परत आत सरकवली. त्याच रात्री फरक पडला. त्याआधीचे दोन महिने मी पट्टा आवळून बांधत होते आणि त्रास का वाढतो आहे, याचे नवल करत होते.

आणखी एक. मुंग्यांसाठी म्हणून मी ‘नसांच्या शक्ती’च्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेत होते आणि त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर होते. पुढच्या तपासणीत टीएसएच एकदम खाली आणि टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) वर आले, आणि थायरॉइडची मात्रा कमी करण्याचे ठरू लागले. गोळ्यांची पाकिटे मी पर्समधून टेबलावर काढली तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आले की काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे हे आकडे खोटे येतात. त्या गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिले, तर आकडे जागच्या जागी होते.

उत्तररात्र

सर्वांचे मनापासून आभार. ‘दुसरी_बाजू’ यांच्या प्रश्नामुळे मी तीन रात्री जागेपणी नीट लक्ष दिले. आधी मी ‘सगळा हात बधिर होतो’ असे सांगत असे, पण एकेक बोट गालावर टेकवून पाहिले, तेव्हा करंगळी दर वेळी शाबूत निघाली. अनामिकेचा प्रकार तर चमत्कारिक आहे: मधल्या बोटाकडची अर्धी बाजू बधिर आणि करंगळीकडची अर्धी जागी. पायांना काहीही होत नाही. बी-१२ आणि साखर दोन्ही तपासून झाले असून ठीक आहेत.

गोळी मी अनशापोटी घेते, पण तासाभराने कॅल्शियमची गोळीही घेत होते. त्याने काही फरक पडतो का? आणि वाट पाहायचीच असेल, तर किती?

हातचा_राखून

मी हाताच्या रुग्णांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. अनामिका अशी मधोमध दुभागली जाणे हे मनगटातल्या दाबाचे फार बोलके लक्षण आहे. मानेतून येणाऱ्या त्रासात ते सहसा आढळत नाही.

कॅल्शियम आणि लोह ही दोन्ही लेव्होथायरॉक्सिनचे शोषण अडवतात, म्हणून त्यांत चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. ते बदलल्यावर टीएसएच आणखी खाली येऊ शकते, त्यामुळे पुढची तपासणी चुकवू नका आणि हा बदल डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वाट किती पाहावी, हे महिन्यांवर ठरवण्यापेक्षा हात काय सांगतो त्यावर ठरवावे, असे माझे मत आहे. मुंग्या येतात आणि जातात, मधल्या वेळात स्पर्श स्वच्छ कळतो आणि ताकद शाबूत आहे, अशी स्थिती असेल, तर सरळ पट्टा रोज रात्री नेमाने सहा ते आठ आठवडे बांधून थायरॉइडच्या उपचाराला वेळ देणे रास्त आहे. त्रास फारच असेल, तर बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत आराम पडतो. तो टिकेलच असे नाही, पण ऊतींमधली सूज उतरेपर्यंतचा काळ त्यावर निभावता येतो. तुमच्या डाव्या हाताला कदाचित पट्ट्यापलीकडे काही लागणारही नाही.

बधिरपणा दिवसभर राहू लागला किंवा अंगठा दुबळा झाला, तर मात्र टीएसएच कितीही चांगले असो, थांबू नये. ते घरी असे पाहता येते. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा आणि अंगठा सरळ छताकडे उचला. दुसऱ्या हाताच्या बोटाने तो खाली दाबण्याचा प्रयत्न करा आणि दोन्ही बाजूंची तुलना करा. मग दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा आडव्या उजेडात पाहा. तो एका बाजूला सपाट झाला असेल, तर नसेचे तंतू तुटू लागले आहेत असे समजून हाताच्या शल्यचिकित्सकांना लवकर भेटावे. तुमच्या दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर असू शकते. त्यांच्यापैकी कोणी तुमचा अंगठा दाबून पाहिला होता का?

उत्तररात्र

नाही, कोणीच पाहिला नव्हता.

आज संध्याकाळी खिडकीपाशी बसून पाहिले. डावा अंगठा दाबला जात नाही. उजवा थोडा वेळ तग धरतो आणि मग हळूहळू खाली जातो. उंचवट्याची बाहेरची कड, हाडाला लागून असलेली, डाव्या हाताला भरलेली आहे आणि उजव्या हाताला तिथे उजेडात एक बारीक सावली पडते. मुलीला काही न सांगता दोन्ही तळहात दाखवले, तर तिनेही उजव्यावरच बोट ठेवले. कॅल्शियम आता रात्री घेते आहे, डाव्या मनगटाला सरळ केलेला पट्टा बांधला आहे आणि उजव्या हातासाठी शल्यचिकित्सकांची सोमवारची वेळ घेतली आहे.