गंधग्राही प्रथिनांचे ‘इमोबिलायझेशन’: स्थिरीकरण, अचलीकरण की आणखी काही?

प्रश्न

जैवसंवेदकांवरील (जैविक घटकाच्या मदतीने पदार्थ ओळखणाऱ्या उपकरणांवरील) एका लेखाचा मराठी अनुवाद करताना ‘इमोबिलायझेशन’ या संज्ञेपाशी मी अडलो आहे. गंध ओळखणारी ग्राही प्रथिने सोने, काच किंवा कार्बनच्या पृष्ठभागावर पक्की बसवण्याच्या क्रियेसाठी ती वापरली आहे. येथे ‘स्थिरीकरण’ लिहावे की ‘अचलीकरण’? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १

या संदर्भात ‘स्थिरीकरण’ कटाक्षाने टाळावे, असे माझे ठाम मत आहे. शालेय पुस्तकांतील नायट्रोजनच्या स्थिरीकरणामुळे हा शब्द आधीच एका अर्थात रुळला आहे. पण खरी अडचण त्याहून मोठी आहे. प्रथिन जागेवरून न हलणे आणि प्रथिनाची घडण न बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी असून ‘स्थिरीकरण’ त्या दोन्हींसाठी वापरले जाते. गंधग्राही प्रथिनांच्या बाबतीत तर या दोन गोष्टी पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात.

लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये या प्रथिनांच्या जनुकांचे मोठे कुल उजेडात आणले आणि त्या कामासाठी 2004 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. सस्तन प्राण्यांतील या प्रथिनाची साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते, आणि पटलातील मेदद्रव्याचा आधार सुटला की तिची घडी विस्कटू लागते. असे प्रथिन सोन्याच्या पातळ थरावर घट्ट चिकटलेले असूनही गंधाला दाद देत नाही. म्हणूनच संशोधक पटलाचा तुकडाच प्रथिनासह बसवतात, किंवा प्रथिन मेदद्रव्याच्या अतिसूक्ष्म चकतीत ठेवून मग ती चकती पृष्ठभागाला जोडतात. चकतीत ठेवणे हे स्थिरीकरण आणि ती पृष्ठभागाला जोडणे ही प्रस्तुत क्रिया, असा भेद अनुवादात दिसलाच पाहिजे.

‘अचलीकरण’ जागेपुरते अचूक आहे. मात्र गंधरेणू येऊन बसला की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि पुष्कळ संवेदकांना नेमका तोच बदल टिपायचा असतो. ‘अचल’ म्हटल्यावर वाचकाला प्रथिनच ताठर झाल्यासारखे वाटण्याचा धोका आहे. त्यामुळे मी साधे ‘बसवणे’ सुचवीन. सोनार खडा कोंदणात बसवतो तेव्हा पैलूंची बाजू वर येईल हे पाहतो, तशी दिशेची जाणीव या क्रियापदात सहज येते आणि येथे दिशा निर्णायक असते. साखळीचे एक टोक पेशीच्या आतल्या बाजूला असते. त्या टोकाला सहा हिस्टिडिनांची (हिस्टिडिन हे एक अमिनो आम्ल) शेपटी जोडून ती पृष्ठभागावरील निकेलला अडकवली, तर पेशीत असताना बाहेरच्या बाजूला असणारा भाग द्रावणाकडे राहतो आणि गंधरेणूची वाट मोकळी राहते. प्रथिन नुसतेच पसरले तर काही रेणू उलटे पडतात आणि त्यांचा उपयोग होत नाही.

प्रतिसाद २

वरील भेद मला पटतो. पण शीर्षकात आणि सामासिक शब्दांत नाम लागतेच, आणि विकरे (एन्झाइम) पृष्ठभागावर बांधण्याची क्रियाही मुळात हीच असल्याने एकाच क्रियेला दोन नावे देऊ नयेत. म्हणून नाम ‘अचलीकरण’ ठेवावे, पहिल्या उल्लेखात ‘पृष्ठभागावर बसवणे, म्हणजेच अचलीकरण’ असे स्पष्ट करावे आणि पुढे वाक्यांत क्रियापद वापरावे. पद्धतींची नावेही वेगळी ठेवावीत: रेणू पृष्ठभागावर नुसता धरला जातो ते ‘अधिशोषण’, आणि रासायनिक बंध तयार होतो ती ‘सहसंयुज जोडणी’. अधिशोषणाऐवजी ‘शोषण’ लिहिणे ही चूक फार आढळते. शोषणात पदार्थ आत मुरतो, अधिशोषणात तो वरच राहतो, आणि आत मुरलेले प्रथिन गंधरेणूला भेटणार कसे?

प्रतिसाद ३

ही तडजोड मान्य आहे. प्रश्नकर्त्यांच्या सोयीसाठी एक परिच्छेद लिहून देतो:

‘ओडीआर-10 हे एका सूत्रकृमीतील ग्राही प्रथिन लोण्याच्या वासातील डायॲसिटिल हा रेणू ओळखते. हे प्रथिन जिवाणूंकडून तयार करून घेऊन, त्यांच्या पटलाच्या तुकड्यांसह कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या सोन्याच्या विद्युतअग्रावर (इलेक्ट्रोडवर) बसवता येते. अचलीकरणानंतर पृष्ठभागावरील वस्तुमान वाढल्यामुळे स्फटिकाची कंपनसंख्या घटते; पुढे गंधरेणू बांधला गेल्यावर ती पुन्हा बदलते. प्रथिनाची घडण टिकवण्यासाठी पृष्ठभाग ओला ठेवावा लागतो. हे स्थिरीकरण अचलीकरणापासून स्वतंत्रपणे साधावे लागते.’

यात ‘गंधग्राही’ शब्द फक्त प्रथिनासाठी राखावा आणि संपूर्ण उपकरणाला ‘गंधसंवेदक’ म्हणावे. नाकातील श्लेष्मात गंधरेणूंना धरणारी विरघळणारी प्रथिनेही असतात, पेशीपटलाबाहेर ती सहज टिकतात आणि तीही संवेदकांत वापरतात. त्यांना ‘गंधबंधक प्रथिने’ असे वेगळे नाव द्यावे, म्हणजे लेखात दोन्ही प्रकार आले तरी घोटाळा होणार नाही.