अनुभव धागा: दोन लांबच्या प्रवासांच्या मधली, मोटारसायकलची स्वतःच्या हातची दुरुस्ती

सदाशिवपेठी
यंदा खंडेनवमीच्या पूजेसाठी पाने-पकडी काढताना माळ्यावरून वडिलांची कॅनव्हासची गुंडाळी खाली आली. तिच्यात प्लगपाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पॉइंट घासायची बारीक कानस जशीच्या तशी होती. वडिलांची बुलेट 350 उजव्या पायाच्या गिअरची होती, आणि कोकणात जायचे ठरले की आदल्या रविवारी कॉन्टॅक्ट पॉइंटमधले (प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या टोकांमधले) अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटरच्या दरम्यान आणून ठेवण्याचे काम ते कोणावरही सोपवत नसत. किक मारण्यापूर्वी अँमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा मध्यावर येईपर्यंत पिस्टन हलक्या पायाने फिरवायचा, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून तो किंचित पुढे सरकवायचा आणि मगच पूर्ण किक द्यायची, हा क्रम मी शाळेत असतानाच पाठ केला होता.

माझ्या आजच्या इंजेक्शनच्या (पेट्रोल मोजून फवारणाऱ्या) गाडीत पॉइंट नाहीत आणि हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटरही नाही, त्यामुळे हाताने करण्याजोगे काही उरले आहे का, असा प्रश्न मित्र विचारतात. माझ्या मते बरेच उरले आहे. एका प्रवासाहून परतल्यावर आणि पुढच्याला निघण्यापूर्वी आपण गाडीचे काय काय स्वतः करता, ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

येझदीप्रेमी
आमच्या येझदीला किक आणि गिअर यांचा दांडा एकच होता आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घ्यावे लागे. प्रवासाहून आल्यावर दोन्ही सायलेन्सरमधील जाळ्या काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत घालणे हे माझे ठरलेले काम असे, कारण काजळी साचली की गाडी चढावर दमते आणि दोष मात्र कार्बोरेटरला दिला जातो.

गोदाकाठची
मी चेनविषयी लिहिते, कारण लोक ती ढिली राहण्याला घाबरतात आणि गरजेपेक्षा अधिक ताणून ठेवतात, जे माझ्या मते जास्त घातक आहे. मागचे चाक खड्ड्यात दबते तेव्हा पुढचे स्प्रॉकेट (दातेरी चक्र), स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या झुलत्या दांड्याचा) खिळा आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकाचा आस) ज्या क्षणी एका रेषेत येतात, त्या क्षणी चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. गाडी स्टँडवर मोकळी असताना चेन टणक लावलेली असेल, तर मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सामान घेऊन निघाल्यावर तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये 25 ते 35 मिलिमीटरच्या आसपास ढिलाई सांगितलेली असते, पण ती चाक फिरवत फिरवत चेन जिथे सर्वांत घट्ट लागते त्या जागी मोजली पाहिजे, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

स्विंगआर्मवरच्या खुणांवर माझा फारसा विश्वास नाही. स्विंगआर्मच्या खिळ्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी लावून अंतर जुळवले की चाक सरळ बसते. अ‍ॅक्सलचा नट आवळल्यानंतर ढिलाई पुन्हा एकदा तपासावी, कारण आवळताना चाक थोडे सरकते.

दादरचा स्वार
ताई, चेन धुण्यासाठी पेट्रोल चालते का? आमच्या गॅरेजमध्ये तर सर्रास वापरतात.

गोदाकाठची
दादा, ओ-रिंग असलेल्या चेनला पेट्रोल मुळीच लावू नये, कारण त्याने रबरी कड्या खराब होतात आणि आतले ग्रीस निघून जाते. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. नंतर कोरडी पुसून 90 क्रमांकाचे गिअर ऑइल आतल्या बाजूने लावावे आणि रात्रभर तशीच ठेवून जादाचे सकाळी पुसून टाकावे. तारेचा कडक ब्रश नको.

बांदेकर
आम्ही तळकोकणातले लोक असल्यामुळे आमचे दोन शत्रू ठरलेले आहेत, समुद्राचा खारा वारा आणि पावसाळ्यातला तांबडा चिखल. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने आरे, रिम आणि ब्रेकची कॅलिपर धुतली नाहीत, तर आठवड्याभरात गंज दिसू लागतो.

घाटात उतरणाऱ्यांनी ब्रेक फ्लुइडकडे अवश्य लक्ष द्यावे. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट 4 या प्रतीचे फ्लुइड ताजे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असतो, पण पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. आंबोली उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला की तापलेल्या फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मुठीपर्यंत येते. म्हणून मी ते दर दोन वर्षांनी बदलतो, ताजा सीलबंद डबा आणतो आणि उरलेले पुढच्या खेपेसाठी ठेवत नाही. टाकीवर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग सुटतो.

लोणावळ्याहून
आईच्या जुन्या परातीत इंजिन ऑइल उतरवणारे आणखी कोण कोण आहेत, हे जाणून घ्यायला आवडेल. आमच्या घरी त्या परातीवर आता खडूने चक्क माझे नाव लिहिले आहे.

येझदीप्रेमी
आमच्याकडे ती जागा पत्र्याच्या तेलाच्या डब्याने घेतली आहे, त्यामुळे घरात शांतता आहे.

सातारकर
लडाखला कार्बोरेटरची गाडी नेणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. खारदुंग ला ही तिथली खिंड सुमारे 5,359 मीटर उंच आहे (पूर्वी पाटीवर 5,602 मीटर लिहिलेले असे, त्या पाटीशी छायाचित्र काढण्याचा आनंद आम्हीही घेतला आहे), आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच, त्यामुळे मिश्रण दाट होते, प्लग काळाठिक्कर पडतो आणि गाडी धापा टाकते. अशा वेळी काहीजण एअर फिल्टरच काढून टाकतात, ज्याला माझा सक्त विरोध आहे, कारण तिकडची बारीक धूळ सिलिंडरमध्ये गेली की पिस्टन रिंगांचे आयुष्य संपते. फिल्टर स्वच्छ ठेवावा, प्लग घासून पुन्हा लावावा आणि सोबत दोन नवे प्लग बाळगावेत. प्लगचे टोक फिकट विटकरी असेल तर सगळे ठीक आहे, पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी पडते आहे असे समजावे.

क्लचची जादा केबल पिशवीत ठेवण्यापेक्षा चालू केबलच्या शेजारून ओवून टेपने बांधून ठेवावी. रस्त्यात तुटली तर फक्त दोन्ही टोके जोडायची असतात.

म्युनिकवासी मराठी
येथे जर्मनीत अनेकजण मोसमी क्रमांकाची पाटी घेतात. पाटीवर 04 आणि 10 असे छापलेले असेल, तर एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने गाडी रस्त्यावर आणता येते. त्यामुळे आमची खरी दुरुस्ती हिवाळ्यात होते. गाडी उभी करण्यापूर्वीच ऑइल बदलतो, कारण जुन्या ऑइलमधली आम्ले महिनोन्‌महिने बेअरिंगांवर राहू द्यायची नसतात. लोखंडी टाकी आतून गंजू नये म्हणून काठोकाठ भरतो आणि बॅटरी काढून तळघरात चार्जरवर ठेवतो. वसंतात इटलीच्या आल्प्समधली स्टेल्व्हिओ खिंड उघडली की तिची 48 तीव्र वळणे चढण्यापूर्वी मी टायरवरची तारीख आवर्जून पाहतो. कडेला छापलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात.

बांदेकर
पावसाळ्यात दोन-तीन महिने गाडी झाकून ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांनाही हे सगळे लागू पडते, विशेषतः बॅटरीचे. काढताना ऋण टोक आधी काढावे.

दादरचा स्वार
ऑइलचाच विषय निघाला आहे म्हणून विचारतो. घरी मोटारीचे चांगले सिंथेटिक ऑइल शिल्लक आहे, ते चालेल का?

सातारकर
चालवू नये. आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि मोटारीच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे क्लच घसरू लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (अशा बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलच्या जपानी दर्जाच्या खुणा) लिहिलेले पाहूनच घ्यावे.

लोणावळ्याहून
माझी गाडी जुनी घेतलेली आहे आणि तिच्या ड्रेन बोल्टचे (ऑइल उतरवायच्या बोल्टचे) आटे आधीच्या मालकाकडे असतानाच गेले होते. शेवटी हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी आत बसवायची तारेची गुंडाळी) बसवून घ्यावी लागली. आता टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा) घ्यायचा आहे, तर मोटारीच्या चाकांसाठी मिळतो तो एकच घेऊन भागेल का?

गोदाकाठची
भागणार नाही. तो साधारण 40 न्यूटन-मीटरच्या पुढे सुरू होतो, तर अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमधले लहान बोल्ट सहसा 8 ते 12 न्यूटन-मीटरवर आवळायचे असतात. 5 ते 25 चा छोटा पाना आधी घ्यावा, अ‍ॅक्सलसाठी मोठा सवडीने घेता येईल. ड्रेन बोल्टचा वायसरही प्रत्येक वेळी नवा घालावा.