हॉलमधला पियानो

माधुरी वहिनी (बी-३०२): नमस्कार मंडळी. काल मुलांच्या प्रॅक्टिससाठी हॉल उघडला. पियानोच्या मधल्या तीन पट्ट्या कामातून गेल्यात. एक दाबली की खालीच राहते. एक पहिल्यांदा वाजते, लगेच परत दाबली तर मुकी. तिसरी गोधडीवर बुक्की मारल्यासारखी वाजते. कार्यक्रम पंधरा दिवसांवर आलाय. कुणाचं नाव घेत नाही, पण हॉल कुणाकुणाला दिला होता ते सगळ्यांना माहीत आहे.

शिरीष (ए-१०१): शुभ सकाळ 🌹🙏

वसंतकाका (सी-४०१): मागेही म्हटलं होतं. विकून टाका. जागा मोकळी होईल, टेबल टेनिस लावू.

मनीषाताई (बी-१०४): काका, नानांची वस्तू आहे ती. २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी पायऱ्यांपर्यंत आलं तेव्हा आठ जणांनी उचलून विटांवर चढवलाय.

वसंतकाका: त्या आठांत मी होतो. कंबर अजून दुखते. म्हणूनच म्हणतो, विका.

केदार (ए-४०२): काका, कंबर विकायची की पियानो? 😄

अण्णा (ए-२०३): माधुरी, हे ट्यूनिंगचं दुखणं नाही, ॲक्शनचं आहे, म्हणजे पट्टीपासून तारेपर्यंतच्या आतल्या यंत्रणेचं. मुंबईच्या ट्यूनरला लगेच फोन करू नका. चारला येतो. तोवर कुणी काही खोलू नका, विशेषतः कुठलाही स्प्रे मारू नका.

नितीनभाई सेक्रेटरी: अण्णा, स्प्रेने काय होतं? सहज विचारतो.

अण्णा: सहज का विचारताय?

नितीनभाई सेक्रेटरी: 🙏

श्रीधरकाका (बी-४०३): ज्या बडोद्यात सयाजीरावांच्या काळात, १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, तिथे पियानो भंगारात काढायची भाषा!

वसंतकाका: मौलाबक्ष गात आणि वीणा वाजवत. पियानो नाही. विका.

अण्णा: पाहून आलो. वरचं झाकण आणि पुढची फळी काढली. तीन पट्ट्या, तीन वेगळे रोग.
पहिली. वर मागचा हॅमर (तारेवर आपटणारी फेल्टची हातोडी) मोकळा, पण पट्टीच शेजारणीला घासत होती. विणायच्या सुईने खरवडलं तर फटीतून चार अक्षता निघाल्या, हळद-कुंकवासकट. ही बरी झाली.

माधुरी वहिनी: अक्षता!! म्हणजे मुंज.

स्वाती (सी-२०२): वहिनी, आमच्या मुंजीत पियानोवर चादर होती. आणि तुमच्या वाढदिवसाला केकचा बॉक्स त्यावरच ठेवला होता, फोटो आहे माझ्याकडे.

मनीषाताई: स्वाती, मुंजीची सेव-उसळ मात्र झकास होती हो.

अण्णा: पुढचं ऐका. दुसरीची पट्टी मोकळी आहे, हॅमरच आळशी. तारेवर आपटून झोपाळ्यासारखा हळूहळू मागे येतो. तो पुरता मागे आल्याशिवाय त्याला ढकलणारा खालचा जॅक परत त्याच्या बुडाखाली शिरत नाही, म्हणून दुसरा ठोका पडत नाही. आडव्या ग्रँड पियानोत हॅमर स्वतःच्या वजनाने खाली पडतो. आपला उभा पियानो, यात परत यायला बारीक स्प्रिंग आणि कापडी पट्टी एवढाच आधार. पावसाळ्यात हॅमरच्या सांध्यातल्या सेंटर पिनभोवतीची बनात, म्हणजे लोकरी कापड, फुगली की स्प्रिंगचा जोर पुरत नाही.

केदार: म्हणजे अण्णा, सोमवारी सकाळचा मी.

वसंतकाका: एवढं सगळं ८८ पट्ट्यांचं करत बसणार? विका.

अण्णा: ८८ नाही, एक. ओल गेली तर बहुधा आपोआप सुटेल. खालच्या फळीमागे २५ वॉटचा जुना तारेचा बल्ब लावलाय, लाकडाला कुठेही लागणार नाही असा. एलईडी चालणार नाही, तो गरम होत नाही. आठवडाभर रात्रंदिवस चालू राहू द्या. नाही सुटली तर पिन बदलू.
तिसरीबद्दल ग्रुपवर लिहू का, नितीनभाई?

नितीनभाई सेक्रेटरी: लिहा. लपवण्यासारखं काही नाही. कुरकुर येत होती म्हणून वॉचमनला शिलाई मशीनचं तेल सोडायला सांगितलं. दोनच थेंब.

अण्णा: दोन थेंब हॅमरच्या फेल्टमध्ये मुरलेत. ठोका मऊ पडतो तो त्यामुळे. पिनेतही उतरलंय, त्यावर धूळ बसून लापशी झालीय. दाराच्या बिजागरीला तेल लागतं, इथे सांध्यात कापड असतं, ते तेल पितं आणि फुगतं. तो सांधा सोडवून बनात नवी घालावी लागेल, आणि बहुतेक हॅमरही. हे माझं काम नाही, ट्यूनरचंच.

माधुरी वहिनी: स्वाती, सॉरी. अर्धं.

स्वाती: अर्धं पोचलं. 🙏

नितीनभाई सेक्रेटरी: ट्यूनरचा खर्च सोसायटी करेल. मीटिंगमध्ये ठेवतो.

वसंतकाका: सोसायटी म्हणजे आम्हीच. विका.

माधुरी वहिनी (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:१०): हॉलमधला बल्ब कुणी बंद केला?

वसंतकाका: मी. दिवसाढवळ्या दिवा कशाला? बिल कोण भरतं?

अण्णा: वसंतराव, चावी घेऊन खाली या. मी हॉलपाशीच उभा आहे.